नकाशावरची रेघ

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत कामानिमित्त गेलो होतो. कोणती कचेरी हे सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांचे व्हरांडे सारखेच असतात. भिंतीवर रस्त्यांच्या आराखड्याचा भला मोठा नकाशा लावला होता आणि त्यासमोर एक वयस्क शेतकरी डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. माझ्या डोळ्यांवर चष्मा पाहून त्यांनी विचारले, “साहेब, थे लाल रेघ माह्या वावरातून जाते का बाजूनं जाते, थोडं पाहून सांगता का?” नकाशावरची अक्षरे इंग्रजी, गटक्रमांक मुंगीएवढे. बँकेत सात-बारा आणि नकाशे पाहण्यात माझी उमर गेली, तरी मला सांगता येईना. हरकत नोंदविण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. ते गृहस्थ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रस्ता तं पाहिजेच ना बाप्पा. पन आमाले आधी इचारलं असतं तं बरं झालं असतं.”

त्या ‘आधी’ या शब्दात सारा प्रश्न आहे.

नागपूर हे वाटांचेच गाव. मुंबईहून निघालेली रेल्वे येथे १८६७ मध्ये पोहोचली. आज हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात, आणि श्रीनगर-कन्याकुमारी व हाजिरा-पारादीप हे महामार्गही नागपूरलाच भेटतात. गेल्या दहा वर्षांत तर या वाटांना भरतीच आली. मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली; कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणाऱ्या सुमारे ४४ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात शहराभोवती १४८ किलोमीटरच्या नव्या बाह्य वळणरस्त्याला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ही कामे आज-उद्याची नाहीत. आपली नातवंडे कोठे राहतील, कोठे नोकरीला जातील आणि कोणत्या गावचे शिवार शिल्लक राहील, हे या रेघा ठरविणार आहेत.

मग विचारणा होत नाही का? कायद्याने होते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पर्यावरणाच्या परवानगीसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अधिकाऱ्याने अध्यक्षस्थानी बसायचे, सारे चित्रित करायचे. पण त्याच अधिसूचनेत असेही म्हटले आहे की, सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे लोक आले नाहीत तरी सुनावणी होते आणि कागदावर लोकांना विचारल्याची नोंद राहते.

शिवाय हा प्रश्न विचारला जातो केव्हा? रेघ ओढून झाल्यावर. ‘येथे रस्ता हवा का, की रेल्वे, की नुसत्या चार जास्त बसगाड्या?’ हा पहिला प्रश्न लोकांपर्यंत येतच नाही. येतो तो शेवटचा प्रश्न, ‘तुमची हरकत काय?’ ज्याला नुसती हरकतच घ्यायला बोलावले आहे, तो हरकतच घेणार.

लोकांना विचारत बसलो तर वीस वर्षे निघून जातील, असे जाणते अधिकारी म्हणतात. त्यांचा त्रागा मला समजतो. पण न विचारल्याने वेळ वाचतो, हे तरी खरे आहे का? आपल्याच शहरातले अजनी आठवा. रेल्वे वसाहतीच्या परिसरात रेल्वे, बस, मेट्रो एकत्र आणणारे मोठे स्थानक उभारायचे ठरले. कल्पना वाईट नव्हती. परंतु त्यासाठी हजारो झाडे जाणार हे लोकांना उशिरा कळले. सकाळी तेथे फिरायला जाणारी माणसे, विद्यार्थी, वृक्षप्रेमी एकत्र आले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, वृक्षतोडीला स्थगिती मिळाली आणि तो आराखडा त्या स्वरूपात पुढे गेलाच नाही. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाचेही तसेच. कोल्हापुरातील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. समृद्धीलाही सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाच्या योजनेवरून तीव्र विरोध झाला. थेट खरेदीचा पर्याय आल्यावर, दर आणि रोख रक्कम समोर दिसू लागल्यावर बोलणी पुढे सरकली. जे बोलणे शेवटी करावेच लागले, ते आधी केले असते तर काय बिघडले असते?

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी पाहत असू. पैसा कशाला हवा, फेडणार कोण, आणि हाच व्यवसाय का, दुसरा का नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नसे, त्याचे कर्ज बहुधा थकायचे. हजारो कोटींच्या रस्त्याला हे तीन प्रश्न विचारण्याचा हक्क, ज्याच्या खिशातून आणि वावरातून तो जाणार त्याला नसावा, हे हिशेबात बसत नाही.

दोष सगळा सरकारच्या माथी मारून मोकळे होण्यात मात्र अर्थ नाही. आपणही आपल्या कुंपणाला धक्का लागेपर्यंत जागे होत नाही. सुनावणीला येतात ते जमीन जाणारे. ज्यांना बस हवी आहे त्या नोकरदार बाया, कॉलेजच्या मुली, उमरेड-भिवापूरकडून रोज शहरात येणारे मजूर तेथे कधीच दिसत नाहीत. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. तोवर त्या गाडीने जाणाऱ्यांनी मधल्या काळात जावे कसे, हा प्रश्न किती शहरवासीयांनी विचारला? मीही विचारला नाही. नव्या रस्त्याची खबर मात्र जमिनीच्या दलालांना सर्वांत आधी लागते. लोक गप्प राहिले की ती जागा रिकामी राहत नाही. ती दलाल भरून काढतो.

इतरांनीही ठेच खाऊनच शहाणपण घेतले आहे. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत महामार्गांनी शहरांतील गरीब वस्त्या मधोमध चिरल्या, आंदोलने झाली. पुढे १९९१ च्या कायद्याने दूर पल्ल्याचे वाहतूक आराखडे करताना लोकांना सुरुवातीपासून सहभागी करून घेणे बंधनकारक केले. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचविलेल्या कामांना जागा दिली. आपल्या घटनेतही सोय आहे. ७४ व्या दुरुस्तीने दहा लाखांवरील महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडून यायचे आहेत. पण नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवकच नसतील तर समितीत शहराच्या वतीने बोलणार कोण?

मागणे फार मोठे नाही. आराखडा आखण्यापूर्वी निदान दोन-तीन पर्याय, प्रत्येकाच्या खर्चासह आणि जाणाऱ्या जमिनीसह, लोकांपुढे ठेवावेत. नकाशा मराठीत, गावनिहाय, गटक्रमांक वाचता येतील असा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. सुनावणी पेरणी-कापणीचे दिवस टाळून, संध्याकाळी, गावाजवळ घ्यावी. आणि प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावे. ‘फेटाळली’ एवढे पुरेसे नाही. मान्य न झाली तरी चालेल, पण वाचली गेली हे त्या माणसाला कळले पाहिजे.

आणि आपल्याकडूनही थोडे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत जाहीर सूचना येते. पुढच्या वेळी ती कापून ठेवा. रविवारी घरातल्या मुलांना घेऊन नकाशा पाहायला जा, कारण त्या रस्त्याने पुढे तीच चालणार आहेत. तेथे कुणी टोपी हातात घेऊन उभा दिसला, तर त्याचा गट शोधून द्या आणि अर्ज लिहायला मदत करा. मी त्या दिवशी ‘सांगता येत नाही’ म्हणून निघून आलो होतो. मुदतीचे दोन दिवस तेव्हा शिल्लक होते.