झालं काय, ते आधी विचारा

‘डोकं जड असतं, हातापायांत गोळे येतात, झोप लागत नाही, सगळं नको नको होतं.’ ओपीडीत असं सांगणाऱ्या बाईच्या हाती बहुधा टॉनिकची बाटली पडते, नाहीतर ताकदीचं सलाईन लागतं. क्वचित एखाद्या डॉक्टरांना हे नैराश्य असल्याचं ओळखू येतं आणि मग योग्य गोळी सुरू होते. घरचे म्हणतात, चांगले विचार कर, देवाचं नाव घे. पण बाई, गेल्या वर्षभरात तुमच्या घरी झालं काय, हे कुणीच विचारत नाही.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी हा प्रश्न लंडनच्या कॅम्बरवेल भागात फार चिकाटीनं विचारला. बायकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्यांनी जे मांडलं, ते १९७८ मध्ये पुस्तकरूपानं आलं. नैराश्यात गेलेल्या बहुतेक बायकांच्या आयुष्यात त्याआधी एखादा मोठा आघात झालेला होता किंवा वर्षानुवर्षं न सुटलेली अडचण होती. तसेच आघात सोसून उभ्या राहिलेल्या बायकाही त्याच वस्तीत होत्या. मग कोसळल्या त्या कोण? अकरा वर्षांची होण्याआधीच जिची आई गेली, जिच्या घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं होती, जिला घराबाहेरचं काम नव्हतं आणि मन मोकळं करावं असं हक्काचं माणूस नव्हतं, तिला धोका जास्त होता. ब्राउन यांच्या गटाच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. अपमान, आणि सुटकेचा रस्ताच नाही अशी कोंडी, या दोन गोष्टी निव्वळ वियोगापेक्षा माणसाला अधिक खचवतात. बऱ्या झालेल्यांपैकी अनेकींच्या आयुष्यात बरं होण्याच्या सुमारास काहीतरी नवं सुरू झालं होतं किंवा जुनी अडचण सुटायला लागली होती. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हे सगळं तिकडचं, असं म्हणायची सोय नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळपास २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यामागची कारणं आपल्या शेजारच्या कुठल्याही घरात सापडतील अशी आहेत: पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, बिघडलेला संसार आणि मुलगी झाली म्हणून वाट्याला आलेली नाराजी. गोव्यातच अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचाही अभ्यास झाला. त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक निघाला. बाई सांगत असते, पण ज्या दुखण्यासाठी दवाखान्यात जायला घरातून परवानगी मिळते, त्या दुखण्याच्या नावानं सांगते.

मग ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाचा मला राग येतो तो यासाठी. विचार तपासायला हवेत, हे मान्य आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली, तिचा अनेकांना खरोखर उपयोग झाला. पण रोज रात्री मार खाणाऱ्या बाईला ‘तुझी विचारांची पद्धत चुकते’ असं सांगणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

शरीराचंही विसरू नये. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून तपासण्या व्हायलाच हव्यात. अनुवंशाचाही वाटा असतो. तीव्र नैराश्यात गोळ्या जीव वाचवतात. हे वाचून कुणी त्या परस्पर बंद करू नयेत.

गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं पुढची वाटही दाखवली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायचं, त्यांची बंद पडलेली कामं हळूहळू पुन्हा सुरू करून द्यायची, रोजच्या अडचणी एकेक करून हाताळायच्या. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के होते. हे समुपदेशन न मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे लोक बोलायला तयार आहेत. ऐकायला कुणी बसवलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

अर्थात ऐकून सावकार थांबत नाही आणि समुपदेशक पीकविम्याची रक्कम मिळवून देऊ शकत नाही. म्हणून मानसिक आरोग्य हा एकट्या आरोग्य खात्याचा विषय राहता कामा नये. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं नेमलेले संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, तहसील कचेरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या सगळ्या व्यवस्था कागदावर आहेत. ओपीडीत रडू फुटलेल्या बाईला त्यांपैकी नेमकं कुठे जायचं, हे तिथल्या तिथे कुणी सांगत नाही. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहायला हवा. त्याच केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी पगारी समुपदेशक बसायला हवा. हे काम आशाताईंवर टाकायचं ठरलं, तर त्याचे पैसे त्यांना वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजेत.