पंप वाचवायचा तर रिले काढू नका

पावसाळा सुरू झाला की उल्हासनगरच्या माझ्या वायंडिंगच्या दुकानात अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांचे जळालेले पंप येऊ लागतात. "व्होल्टेज जास्त आलं असणार," सोबत आलेले सेक्रेटरी सांगतात. मी मोटर उघडतो, तर बहुतेक वेळा इम्पेलर, म्हणजे पंपाचा फिरता पंखा, गाळाने जाम झालेला असतो. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, त्या आठवड्यात तर उल्हास नदीचा चिखल थेट पंपघरांत शिरला होता.

जाम झाल्यावर मोटर का जळते? मोटर फिरत असताना पुरवठ्याला विरोध करणारा उलटा विद्युत दाब तिच्याच गुंडाळीत तयार होतो. आम्ही त्याला बॅक ईएमएफ म्हणतो. भौतिकशास्त्रज्ञ लेन्झने 1834 मध्ये या विरोधाचा नियम मांडला. डीसी मोटरवर हिशेब सोपा होतो. पुरवठा 230 व्होल्ट, आर्मेचरचा रोध अर्धा ओहम. फिरताना उलटा दाब 220 असेल, तर उरलेले 10 व्होल्ट 20 अँपिअर करंट देतात. रोटर अडकला की उलटा दाब शून्य आणि करंट 460! पंपाच्या इंडक्शन मोटरची रचना वेगळी असते, पण जाम झाल्यावर तीही नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचते. सहा पट करंट म्हणजे छत्तीस पट उष्णता. तारेवरचं वार्निश ती फार वेळ सोसत नाही.

हाच दाब उपयोगीही पडतो. बदलापूर लोकल ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटरी जनरेटर बनतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते.

जाम मोटरला वाचवतो तो स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. तो ट्रिप होऊन पंप बंद पडला की वरच्या मजल्यांवरून पाण्यासाठी फोन सुरू होतात, वॉचमन पुन्हा पुन्हा हिरवं बटन दाबतो आणि शेवटी कुणीतरी रिलेच बायपास करून देतो. मला याचा राग येतो. दोष वॉचमनचा नाही, ते करू देणाऱ्या कमिटीचा आहे. रिवायंडिंगच्या खर्चापुढे रिलेची किंमत किरकोळ आहे.

सोसायट्यांना माझी विनंती आहे: रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला सेट करून घ्या, थ्री फेज पंपाला एक फेज गेल्यास मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. आणि ट्रिप झाल्यावर आधी मेन स्विच बंद करा, शाफ्ट हाताने मोकळा फिरतो का पाहा, मगच बटन दाबा.