साखरेची गोळी आणि उपाशी पोट

२०२३ सालच्या आषाढी एकादशीची गोष्ट. पाऊस लांबला होता. वाफसा आला तसा जो तो पेरणीसाठी रानात पळत होता. शेजारच्या मळ्यातले तात्या सकाळी नुसत्या चहावर निघाले. उपवास असला तरी शुगरची गोळी त्यांनी न चुकता घेतली. अकराच्या सुमारास ते बांधावर बसले ते बसलेच. अंग घामाने निथळलेलं, हात लटलट कापतायत, बोलणं बोबडं. कुणी म्हणालं, "तात्यांनी सकाळीच घेतलेली दिसतीय." गळ्यात माळ असलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! कुणी 'बाहेरचं' म्हणून लिंबू आणायला पळालं. पुतण्याला काय सुचलं देव जाणे, त्याने गूळपाणी पाजलं. तात्या गिळत होते म्हणून बरं. तालुक्याला पोचले तेव्हाही रक्तातली साखर ४५ होती.

गोष्ट इथे संपली असती तर लिहायचं कारण नव्हतं. घरच्यांनी ठरवलं, गोळीच वाईट. गोळी बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. एकदा गोळीने पाडलं, दुसऱ्यांदा गोळी सोडल्याने. या दोन्ही वेळा तात्यांना कुणी दोन वाक्यं नीट सांगितली असती तर हे टळलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साखरेचा आजार आता शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत आणि ग्रामीण भागातल्या प्रौढांत हे प्रमाण ८.९ टक्के आहे. म्हणजे शंभरात नऊ माणसं. आपल्याच आळीत मोजून बघा.

आता गोळीचं बघू. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून जादा इन्सुलिन काढून घेतात. ऑटो लावलेल्या मोटारीसारखं हे काम. वीज आली की मोटार चालू. विहिरीत पाणी आहे की नाही, ते ती बघत नाही. पोटात भाकरी असो वा नसो, गोळी साखर उतरवणारच. त्यात उन्हातली मेहनत साखर खाते ती वेगळीच. डॉक्टर 'जेवणाआधी' म्हणतात त्याचा अर्थ गोळी घेऊन लगेच जेवायला बसायचं, असा आहे. आपला माणूस गोळी घेतो आणि पाणी धरायला जातो. एकादशी, चतुर्थी, रमजानचा रोजा किंवा ऊसतोडीचा फड, सगळीकडे हाच धोका. उपवास करू नका असं मी म्हणत नाही. पण आधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवसाचा डोस ते बदलून देतील.

साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, गोंधळ सुरू होतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा द्या, मग भाकरी खायला घाला. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही, ग्लुकोजची पावडरच लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. म्हातारा माणूस असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच. या गोळ्यांचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा उतरते.

मेटफॉर्मिनची तऱ्हा निराळी. ती एकटी घेतली तर साखर फारशी पाडत नाही. सुरुवातीला मळमळ, गॅस, जुलाब होतात. जेवणाबरोबर घेतली की बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. मात्र वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी पडू शकतं. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात आणि आपण 'शुगरमुळेच' म्हणून सोडून देतो. माळकरी, शाकाहारी मंडळींनी ही तपासणी मागून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे टाकते. त्यात लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. लाजेपायी हे सांगितलं जात नाही, बायकांकडून तर नाहीच. जोराची उलटी-जुलाब लागले किंवा अन्नपाणी तुटलं, तर मेटफॉर्मिन आणि ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. दवाखान्यात गर्दी, डॉक्टरांना वेळ नाही. पट्टीवरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. दुकानदार जुनी पट्टी बघून नवी देतो, चिठ्ठी विचारत नाही. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे, पण तो कागदावर.

म्हणून सरपंच आणि सदस्यांना विनंती. आरोग्य उपकेंद्रात शुगर मोजायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या शिल्लक आहेत का, हे एकदा जाऊन बघा. ग्रामपंचायतीत आणि मुकादमाकडे ग्लुकोजचे पुडे ठेवा, खर्च चहापाण्याएवढाही नाही. एका ग्रामसभेत आशाताईंना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना पंधरा मिनिटं बोलू द्या. औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. तो फलकावर लिहा.

आणि शेतकरी बंधूंनो, गोळी आपल्या मनाने सोडू नका, उपाशीपोटी घेऊन रानात जाऊ नका. धोतराच्या सोग्यात चंची असते, तशी साखरेची पुडी असू द्या. तात्या आता ती ठेवतात. अंगठा मात्र परत आला नाही.