वेताळ तारण ठेवता येईल का?

‘संग्राहक’ नावाची एक नवी जात सध्या आमच्या जालन्यातही दिसू लागली आहे आणि तिच्याविरुद्ध चार शब्द लिहायचे मी योजले आहे. संग्राहक पूर्वीही होते. नाण्यांचे होते, पोस्टाच्या तिकिटांचे होते. ते निरुपद्रवी असत. फार तर घरी आलेल्याला तासभर व्हिक्टोरिया राणीचे मुखदर्शन घडवीत आणि वर चहा पाजत. चलनातून गेलेले नाणे आणि शिक्का बसलेले तिकीट, दोघांचीही नोकरी संपलेली. अल्बममध्ये बसून पेन्शन खाल्ली तर कुणाचे काय जाते? पण हे नवे लोक कॉमिक्सचे अंक गोळा करतात, आणि ते न वाचण्यासाठी गोळा करतात. माझे भांडण एवढेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, न वाचण्यासाठी पुस्तके घेणारे काय कमी आहेत? नाहीत. दिवाणखान्यात ज्ञानकोशाचे खंड मांडून त्यांच्यावर फुलदाणी ठेवणारे आमच्या सोसायटीतच तिघे आहेत. पण त्या खंडांना उघडायची बंदी नसते. कधीतरी पावसाळ्यात लाईट गेलेली असताना घरातले एखादे पोर चुकून उघडतेही. इथे मात्र बंदी हाच धंद्याचा पाया आहे. अमेरिकेत २००० सालापासून एक कंपनी अंक तपासून त्याला दहापैकी गुण देते आणि मग तो कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून परत पाठवते. पेटी फोडली की गुण गेले, गुण गेले की भाव गेला. पानाची कड दुमडली, गुण कापा. पिनेला गंज चढला, कापा. मी रोज मळक्या नोटा हाताळणारा माणूस. फाटकी नोट असेल तर किती तुकडा शिल्लक आहे ते पाहून पूर्ण किंवा अर्धे पैसे द्यायचे, असा आमचा नियम. पण हजार हातांतून फिरून नोट मळली म्हणून शंभराचे नव्वद देऊ लागलो, तर गिऱ्हाईक काउंटरवरून आत येईल.

आमच्या भाच्याला हा रोग लागला. मुलगा हुशार, पुण्यात नोकरीला. मध्यंतरी घरी आला तेव्हा बॅगेतून त्याने पुठ्ठा लावलेली एक पारदर्शक पिशवी काढली. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक, आणि त्यावर साक्षात वेताळ! माझा हात आपोआप पुढे गेला. “मामा, असं कसं करायलात?” म्हणून त्याने पिशवी छातीशी धरली. दुसऱ्या दिवशी हे चिरंजीव बँकेत येऊन मला विचारतात, असे शंभर-सव्वाशे अंक असतील तर त्यांच्यावर कर्ज मिळेल का? आम्ही सोन्यावर देतो, मुदत ठेवीवर देतो, गोदामातल्या सोयाबीनच्या पावतीवर देतो. वेताळावर द्यायचे तर मूल्यांकनाला कुणाला बोलवायचे? आमचा सोनार अंगठी कसाला लावील, पण तिच्यावर कवटी पाहून तोही पळेल.

तरुण वाचकांना इंद्रजाल म्हणजे काय ते सांगायला हवे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’वाल्यांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ही मालिका सुरू केली. इंग्रजी, हिंदी आणि मराठी. पुढे आणखी भाषा आल्या. किंमत ६० पैसे. ली फॉक या अमेरिकन गृहस्थाने १९३६ मध्ये जन्माला घातलेला फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला. हे नाव कुणी ठेवले असेल त्याच्या धाडसाची कमाल आहे. कारण आपल्याकडे एक वेताळ ‘चांदोबा’त आधीच झाडाला उलटा लटकून राजा विक्रमाचे डोके खात होता, आणि कोकणात वेतोबा हे तर जागृत दैवत. तरी हा घट्ट कपड्यांवरून आणखी चड्डी घालणारा तिसरा वेताळ पोरांनी बिनतक्रार सामावून घेतला. मँड्रेक जादूगार आला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालून. तो आपल्यातला वाटे, कारण त्याचे कपडे शिंप्याकडे मिळाले असते. १९९० मध्ये सगळा खेळ आटोपला, तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते.

वेताळ काही सोवळा नव्हता, हेही सांगून टाकतो. पिढ्यान् पिढ्या एक गोरा माणूस जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि काळ्या लोकांच्या भानगडी मिटवतो, ही कल्पना मोठेपणी वाचली की खटकते. मूळ कथेतल्या ‘बंगाला’चे आपल्याकडे ‘डेंकाली’ करून टाकले, नाहीतर सिंहासन कलकत्त्याच्या आसपास कुठेतरी निघाले असते. पण लहानपणी हे कुणाला दिसते? माझा धाकटा काका मनमाड-काचीगुडा मीटरगेजने ये-जा करी आणि स्टेशनवरून अंक आणी. एक अंक आधी काका, मग आम्ही चौघे भावंडे, मग शेजारचे वाडे, अशा क्रमाने वाचला जाई. परत येई तेव्हा त्याला भाकरीच्या पिठाचा, तेलाचा आणि एकदा तर गोमूत्राचाही वास होता. दहापैकी गुण द्यायचे तर उणे तीन. त्यांतल्या एका अंकाची शेवटची चार पाने कुणीतरी फाडून होडी केली होती. वेताळ हातपाय बांधलेल्या अवस्थेत पाण्यात पडतो आणि पुढे पान नाही. त्याला पस्तीसेक वर्षे झाली. भाच्याच्या पिशवीतला अंक नेमका तोच होता. मुखपृष्ठ मी झोपेतही ओळखीन.

असो. आता हिशेब. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तेवढे मला येते. १९६४ मध्ये कुणी ते ६० पैसे सालिना आठ टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तर साठ वर्षांनी त्याचे सुमारे ६१ रुपये झाले असते. भाचा म्हणतो, जुन्या अंकांचे भाव हजारांत बोलतात. पाच हजार धरले तरी साठ वर्षांचा परतावा साधारण सोळा टक्के पडतो. आमच्या बँकेचे नाक कापले गेले! पण ‘बोलतात’ या शब्दावर मी बोट ठेवले. बोलणारे किती आणि मोजणारे किती? सोने मी आज दुपारी सराफ्यात मोडू शकतो. हा अंक मोडायला तुला तुझ्याच पंथाचा दुसरा वेडा शोधावा लागणार, आणि त्याच्याकडे तो अंक आधीच असणार.

अमेरिकेत तर याची परीक्षा होऊनही गेली. तिथे १९३८ सालच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाला, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला आणि ज्याची किंमत दहा सेंट होती, एप्रिल २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलर आले. आपले पन्नासेक कोटी झाले. जालनेकरांना एवढ्या रकमेचे अप्रूप वाटायचे कारण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची माणसे लग्नाच्या वऱ्हाडाची चिठ्ठी लावलेल्या गाड्यांतून आमच्या गावात आली आणि पन्नास कोटींहून अधिक रोकड घेऊन गेली. वेषांतर करून येणारे नायक आम्ही प्रत्यक्ष पाहिलेत! ती रोकड मोजायला तेरा तास लागले, असे पेपरांत आले होते. सुपरमॅनची ती गोष्ट मात्र तेरा पानांची आहे. वाचायला दहा मिनिटे पुरे.

असले आकडे ऐकून तिथल्या जनतेने १९९० च्या सुमारास धान्य भरावे तशी कॉमिक्स भरायला सुरुवात केली. प्रकाशक काय दूधखुळे होते? १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा एक पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी काढला, ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. अहो, १९३८ चा अंक महाग का, तर पोरांनी वाचून फाडला, आयांनी रद्दीत घातला आणि थोडेच उरले म्हणून! ऐंशी लाख लोकांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांनी सुपरमॅनला मारला. अंक काळ्या पिशवीत सीलबंद, सोबत दंडाला बांधायला काळी फीत. शहाण्यांनी दोन-दोन घेतले, एक वाचायला आणि एक म्हातारपणाची सोय म्हणून. त्याच वर्षी इकडे मुंबईत हर्षद मेहताचा फुगा फुटला होता. मूर्खपणाला पासपोर्ट लागत नाही. पुढच्याच वर्षी सुपरमॅन जिवंत होऊन परत आला. अंकांचे भाव बसले, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथून पुढची गोष्ट कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. या मार्व्हलने २००५ मध्ये स्वतःचे सिनेमे काढण्यासाठी साडेबावन्न कोटी डॉलरची कर्जाची सोय केली. तारण काय दिले? आपल्या दहा पात्रांचे चित्रपटहक्क! कॅप्टन अमेरिका गहाण! म्हणजे भाच्याने मला जे विचारले आणि ज्यावर आमची सगळी शाखा हसली, ते अमेरिकेत आधीच होऊन गेले होते. सिनेमे चालले, कर्ज फिटले, २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चारशे कोटी डॉलरला कंपनीच विकत घेतली. बँकर म्हणून मी त्या व्यवहाराला कडक सलाम करतो. प्रेक्षक म्हणून माझी तक्रार आहे.

तक्रार अशी की ते सिनेमे कर्जाच्या हप्त्यासारखेच येतात. २०१९ चा ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ हा बाविसावा हप्ता होता. त्याने जगभरात २८० कोटी डॉलर्सच्या आसपास मिळवले, आणि खोटे कशाला बोला, मलाही आवडला. आमच्या मुलांनी शेजारी बसून “हा कोण, तो कुणाचा” ते समजावले म्हणून. पण त्यानंतर? गोष्ट संपली, तरी दुकान बंद करायला कुणी तयार नाही. चित्रपट संपून नावांच्या पाट्या सुरू होतात, डोअरकीपर दार उघडतो, आणि सगळी पोरे खुर्चीला चिकटून. कारण पाट्यांनंतर पुढच्या चित्रपटाची जाहिरात आहे. तिकिटाचे पैसे भरून आपण पुढच्या तिकिटाचे माहितीपत्रक पाहतो. आमच्या जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांनी गावोगाव मारुती स्थापले. उडणारा, डोंगर उचलणारा, असा नायक. पण एका गावच्या मारुतीने पुढच्या गावच्या मारुतीची जाहिरात केल्याचे ऐकिवात नाही.

आणि मरण! या लोकांना मरणाची लाज राहिलेली नाही. वुल्व्हरिन २०१७ मध्ये मेला. २०२४ मध्ये तो, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या विश्वातला तो, हजर. ‘एंडगेम’मध्ये लोहमानव मेला तेव्हा आमची धाकटी हुंदके देऊन रडली. त्याच नटाला आता खलनायक म्हणून आणणार, हे २०२४ मध्येच जाहीर झाले. पोरीच्या रडण्याचा परतावा कुणाकडे मागायचा? आमच्याकडे दर नोव्हेंबरात ऐंशी-ऐंशी वर्षांचे पेन्शनर जिने चढून हयातीचा दाखला द्यायला येतात. स्वतः आलात, की जिवंत. या सुपरहिरोंनाही एकदा त्या रांगेत उभे करा.

आमचा वेताळ याबाबतीत व्यवहारी होता. तो मरत असे! जग त्याला अमर समजे, पण आतली गोष्ट अशी की बाप मेला की मुलगा तेच कपडे चढवून कामावर रुजू. आपला ओळखीचा वेताळ एकविसावा. नॉमिनेशन केलेले, वारस नोंदवलेला, एक दिवस खाडा नाही. आमच्या कित्येक खातेदारांना हे अजून जमत नाही.

लोक आता कंटाळले आहेत, हे गल्ल्यावरूनही दिसते. २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’ला जगभरात सुमारे वीस कोटी डॉलर जेमतेम मिळाले. मराठीत २०१५ मध्ये ‘बाजी’ नावाचा मुखवटेवाला आला. २०१७ मध्ये भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पडद्यावर आला, मुखवटा नाही, केप नाही, आणि मला विचाराल तर तेच बरे. पोराला गोष्ट लागते. तारण त्याला लागत नाही.

आता संग्राहकांची बाजू. आमच्या स्टेशनरोडच्या रद्दीवाल्याला मी इंद्रजाल आहे का विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साब, वो तो कबका गला के पुठ्ठा हो गया.” वाचनालयात विचारले तर ग्रंथपाल म्हणाले, बालविभागात ती कधी नोंदवलीच नव्हती. म्हणजे आज मराठी वेताळ कुठे जिवंत असेल तर या वेड्यांच्या कपाटातच. हे मी मान्य करतो, जिवावर आले तरी. पण वाचवले कुणासाठी? १९६४ मध्येच आमच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही कळते की सीलबंद पिशवी पेरणीसाठी फोडायची असते.

हेच मी भाच्याला समजावले. निदान शेवटची चार पाने मोठ्याने वाचून दाखव म्हटले. मी हातसुद्धा लावत नाही. तो म्हणाला, पिशवीची चिकटपट्टी मूळची आहे. बरे, तोंडी सांग म्हटले, वेताळ पाण्यातून सुटतो कसा? त्याने अंक उलटा करून मागच्या बाजूची जाहिरात पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

“वाचला नाही ना मी, मामा,” तो म्हणाला.