अक्षरी रक्कम आणि दुव्याचा पत्ता

जुन्या हुंडीवर रक्कम एकदाच लिहून भागत नसे. ती आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि वर ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर’ अशा रीतीने पुन्हा पक्की करीत. एखादे शून्य वाढवून शंभराचे हजार करू पाहणाऱ्याचा हात तिथेच अडावा, हा त्यामागील हेतू. आजच्या धनादेशावरही रक्कम दोनदा लिहावी लागते. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे व्यापाऱ्यांच्या परिचयाचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम १८ मध्ये सांगतो की, आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी मानावी.

पेढीचा व्यवहार आता ई-मेलवर आला आहे. बिल, दरपत्रक, मालाची पोच, येणे रकमेची आठवण हे सारे ग्राहकाला एका दुव्याने, म्हणजे ‘लिंक’ने, पाठवले जाते. या दुव्यालाही धनादेशाप्रमाणे दोन अंगे असतात. वर दिसतो तो शब्द आणि त्याच्या पोटात असतो तो पत्ता. परंतु इथे न्याय उलटा आहे. शब्द आणि पत्ता यांत फरक पडला तर शब्द हरतो व पत्ता जिंकतो. वर ‘बिल पाहा’ लिहिलेले असो वा एखाद्या बँकेचे नाव, बोट टेकताच वाचणारा पोटातील पत्त्याच्या गावी पोहोचतो. म्हणून दुवा सुवाच्य असणे ही केवळ टापटिपीची बाब नाही. पैसा योग्य ठिकाणी जाणार की भलत्याच ठिकाणी, हे तिच्यावर अवलंबून असते.

मोबाइलवर ही सुवाच्यता का हरपते, हे आधी समजून घ्यावे. ई-मेलच्या मांडणीचे आंतरराष्ट्रीय नियम २००१ साली नव्याने लिहिले गेले. त्यांत एका ओळीत ७८ हून अधिक चिन्हे नसावीत अशी शिफारस आहे आणि ९९८ हून अधिक तर चालणारच नाहीत असे बंधन आहे. ही शिफारस संगणकाच्या रुंद पडद्यासाठी ठीक होती. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर एका ओळीत चाळीसच्या आसपासच रोमन अक्षरे मावतात. त्यामुळे दीडशे चिन्हांचा पत्ता चार ओळींत मोडतो. काही जुन्या प्रणाली तर ओळ संपताच पत्ता तोडतात. मग पहिला तुकडा तेवढा दुवा ठरतो, उरलेला निर्जीव मजकूर म्हणून खाली पडून राहतो आणि ग्राहकाला ‘पान सापडले नाही’ असे उत्तर मिळते.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी मोठी आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो की काना-वेलांटी, संगणकाच्या सर्वमान्य यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते. पत्त्यात यातील प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि पुढे दोन रोमन चिन्हे अशा तिहेरी रूपात लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हे होतात. ‘दिवाळी’ या शब्दात तीन व्यंजने, दोन वेलांट्या व एक काना अशी सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांचा ५४ चिन्हांचा पट्टा तयार होतो. दिवाळीच्या मालाचे पान ज्याने मराठी नावाने सजवले, त्याचाच दुवा मोबाइलवर टक्क्यांच्या जंगलासारखा दिसतो.

यावर पहिला उपाय निघाला तो पत्ता आखूड करण्याचा. अमेरिकेतील केविन गिल्बर्टसन यांनी २००२ साली ‘टायनीयूआरएल’ ही सेवा सुरू केली, ती लांबलचक पत्ते पाठवताना मोडतात म्हणूनच. पुढे अशा अनेक सेवा निघाल्या. आखूड पत्ता मोडत नाही, हे खरे. पण तो मुकाही असतो. पाच-सात अक्षरांच्या त्या गाठोड्यात कोणते दुकान आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय आखूड पत्त्याचे आयुष्य तिसऱ्याच्या हाती राहते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या अशा सेवेत ३० मार्च २०१९ नंतर नवे दुवे तयार करणे बंद झाले. ज्या पेढीला दहा वर्षांनीही जुना कागद दाखवता आला पाहिजे, तिने आपल्या बिलाची वाट परक्याच्या आखूड पत्त्यावर सोपवू नये.

मग करावे काय? हुंडी लिहिणाऱ्याची रीत इथेही उपयोगी पडते. एकच गोष्ट दोन अंगांनी सांगावी आणि दोन्ही अंगे जुळावीत.

एखादा घाऊक कापड-व्यापारी ग्राहकाला लिहितो, ‘बिल पाहण्यासाठी येथे क्लिक करा, पैसे भरण्यासाठी येथे क्लिक करा, तक्रार असल्यास येथे क्लिक करा.’ एकाच ओळीत तीन वेळा ‘येथे’. मोबाइलवर बोट नेमके कोणत्या ‘येथे’वर पडले, हे कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांना दिसत नाही आणि ज्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो, त्यांना तर एकामागून एक तीन ‘येथे’ ऐकू येतात. त्याऐवजी दुव्याचे शब्दच बोलके असावेत: ‘ऑगस्ट महिन्याचे बिल’, ‘रक्कम भरा’, ‘तक्रार नोंदवा’. दोन ते पाच शब्द पुरेत. प्रत्येक दुवा स्वतंत्र ओळीवर असावा आणि दोहोंमध्ये मोकळी जागा असावी.

ही मोकळी जागा किती, यालाही माप आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जागतिक स्तरावर जे निकष ठरतात, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत बोट टेकण्याची जागा किमान २४ पिक्सेल लांब-रुंद असावी, अन्यथा तिच्याभोवती पुरेशी मोकळीक असावी, असे सांगितले आहे. अँड्रॉइड फोनसाठी गूगलची शिफारस त्याहून मोठी, ४८ एककांची आहे; ती पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर भरते. याच निकषांनुसार सामान्य आकाराच्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी दुवा दिसायला सुबक वाटतो. दुकानाच्या दारातील उन्हात मात्र तो वाचता येत नाही. दुवा केवळ रंगाने ओळखू यावा अशीही अपेक्षा ठेवू नये. काहींना रंगांतील फरक जाणवत नाही. अधोरेखा सर्वांना दिसते.

दुसरे अंग पत्त्याचे. संगणकावर जीमेलमध्ये पत्र लिहिताना शब्द निवडून कंट्रोल आणि के ही बटणे दाबली की त्या शब्दांच्या पोटात पत्ता घालता येतो. पैशाचा व्यवहार असेल तर बोलक्या शब्दांखाली पेढीच्या संकेतस्थळाचे मूळ नावही साध्या अक्षरांत लिहावे, म्हणजे ग्राहकाला पडताळा घेता येतो. पत्ता उघडा लिहायचा झाल्यास तो स्वतंत्र ओळीवर असावा आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नसावा. काही प्रणाली तो पत्त्यातच ओढतात. पानांची नावे ठेवताना शब्दांमध्ये खालची रेघ न घालता मधली आडवी रेघ घालावी, कारण अधोरेखित दुव्यात खालची रेघ लपून जाते. पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढील लांब शेपूट पुष्कळदा जाहिरातीच्या मोजणीसाठी असते. ती काढूनही पान उघडत असेल तर काढूनच पाठवावी. मात्र बिलाचा क्रमांकही तिथेच असू शकतो, म्हणून आधी उघडून पाहावे.

एक पथ्य विशेष महत्त्वाचे आहे. वर दिसणाऱ्या मजकुरात एक पत्ता आणि पोटात दुसराच, असे कधीही करू नये. शेकडो ग्राहकांना एकदम पत्रे पाठवणाऱ्या सेवा कोणी दुवा उघडला हे मोजण्यासाठी पोटातील पत्ता बदलतात. हेतू निर्दोष असला तरी दिसणारा पत्ता एक व उघडणारा दुसरा, हीच फसव्या पत्राची खूण आहे. प्रामाणिक पेढीचे पत्र भामट्याच्या पत्रासारखे दिसू लागले तर ग्राहकाला दोहोंतील भेद करण्याची सवयच लागणार नाही.

जसे लिहिणाऱ्याचे कर्तव्य, तसे वाचणाऱ्याचेही. बहुतेक ॲपमध्ये दुव्यावर बोट न टेकवता दाबून धरले तर पोटातील पत्ता दिसतो. तो वाचताना आरंभीच्या दोन तिरक्या रेघा ओलांडाव्यात आणि पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचाच भाग पाहावा. हा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. टपालाच्या पत्त्यात गाव शेवटी येते, तसे इथे खरे घर उजव्या टोकाला असते. दुसऱ्या गावातील दुकानावर ‘सोलापुरी चादरी’ अशी पाटी लावल्याने ते दुकान सोलापुरात जात नाही. तसे पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव आल्याने तो पत्ता बँकेचा होत नाही. अक्षरांची सोंगेही ओळखावीत. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आली की लहान पडद्यावर ‘एम’ वाटतात. मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ जुळ्या भावांसारखे दिसतात.

या पडताळ्यासाठी भारतात आता एक आधारही मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे रोमन लिपीतील ‘बँक’, टिंब, ‘इन’ अशा शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट केवळ बँकांसाठी राखून ठेवलेला आहे. शासकीय स्थळांचा शेवट ‘गव्ह’, टिंब, ‘इन’ असा असतो. जीएसटीचे स्थळही त्यातच येते. बँकेच्या किंवा कराच्या नावाने आलेल्या दुव्याचे उजवे टोक असे नसेल तर तो उघडू नये. तरीही पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक.

पेढीतून पत्र बाहेर पाठवण्यापूर्वी ते एकदा स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे. घरातील सर्वांत जुन्या फोनवर ते उघडावे आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या हाती द्यावे. कोणता दुवा कशासाठी आणि तो कोणाच्या घरी नेतो, हे त्यांना न विचारता सांगता आले, तर पत्र पाठवण्याजोगे झाले. त्यांचे बोट जिथे घुटमळेल, तिथले शब्द पुन्हा लिहावेत.