पेरणी केली तर पंचनामाही मागायचा

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत विरुद्ध सिंगापूर. इथे दोह्यात संध्याकाळचे पाच वाजत होते आणि मी ऑफिसातून लवकर निघून घर गाठलं होतं. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल केला. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारी दार उघडून विचारायला आले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा गोलही त्यानेच केला, आणि २०२७ च्या आशिया चषकातून आपण पात्रता फेरीतच बाहेर पडलो.

हा चषक सौदी अरेबियात आहे. अबू सामराचा सीमानाका ओलांडला की इथून रियाधपर्यंत सरळ गाडीरस्ता. आमच्या चार कुटुंबांनी दीड वर्षापासून ठरवलं होतं की जानेवारी २०२७ मध्ये दोन गाड्या करून जायचं. पोरांनी कोण कुठे बसणार हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

सिंगापूरकडून हरलो त्या रात्री इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तऱ्हेचे निरोप आले. एक, 'आता तरी सोडा हा नाद, अर्जेंटिना बघा, निदान डोळ्यांना सुख.' दुसरा, 'आपला देश आहे, हरला म्हणून टीका करू नका, पाठीशी उभे राहा.' दोन्ही माणसं माझ्या जिव्हाळ्याची आहेत, तरी दोन्ही म्हणणी मला पटत नाहीत. त्या रात्री गटावर काहीच लिहिलं नाही, म्हणून आज मंडळाच्या अंकात सविस्तर लिहितो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना जानेवारी २०२४ आठवत असेल. आशिया चषक आपल्या दारात आला होता. १३ जानेवारीला ऑस्ट्रेलियाशी सामना होता. अल रिफा मेट्रो स्थानकातून अहमद बिन अली स्टेडियमकडे जाणारी गर्दी पाहून कुणाला वाटावं, हे कोलकाता किंवा कोची आहे. मैदानात पस्तीस हजारांवर लोक, आणि निळे सदरे जिकडे तिकडे. मल्याळी बांधव ढोल घेऊन आले होते, आपल्या मंडळाचा भगव्या फेट्यांचा जथा होता. मध्यंतरापर्यंत ऑस्ट्रेलियाला आपण शून्यावर रोखलं होतं आणि शेवटी २-० ने हरलो. पाच दिवसांनी त्याच मैदानावर उझबेकिस्तानने पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच दोन गोल केले, निकाल ०-३. तरीही २३ तारखेला अल खोरच्या अल बैत स्टेडियमला आपण गेलोच. सीरियाला हरवलं असतं तर गटातून पुढे जायची अंधूक आशा होती. शहात्तराव्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल केला आणि तीही मावळली. तीन सामने, सहा गोल खाल्ले, एकही केला नाही.

त्या संध्याकाळी मी सीरियाच्या लोकांकडे पाहत राहिलो. बारा-तेरा वर्षं युद्धात होरपळलेला देश, आणि आशिया चषकात पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचलेला. म्हातारी माणसं हमसून रडत होती. मला त्यांचा हेवा वाटला नाही, आनंदच वाटला. पण परतीच्या बसमध्ये एक प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांच्याकडे धड मैदानं राहिली नाहीत, घरची लीग मोडून पडली, तरी ते पुढे गेले. मग आपलं नेमकं कुठे अडतं?

जूनमध्ये पुन्हा दोह्यातच जासिम बिन हमद स्टेडियमवर कतारशी सामना झाला. सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी निवृत्त झालेला. छांगतेच्या गोलाने आपण पुढे होतो. त्र्याहत्तराव्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि पंचांनी गोल दिला. तो अन्याय होताच, मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये गुवाहाटीत आपल्या घरच्या मैदानावर अफगाणिस्तानने आपल्याला २-१ ने हरवलं होतं, तेव्हा कुठल्या पंचाने काही केलं नव्हतं. दोह्यातल्या त्या एका गोलाच्या आडून गुवाहाटी विसरली जाते, हे मला खुपतं.

आता घसरण पाहा. जुलै २०२३ मध्ये फिफाच्या क्रमवारीत आपण ९९ वे होतो. जुलै २०२५ मध्ये १३३ वे, नोव्हेंबरात १४२ वे. हाँगकाँगविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हरलो, सिंगापूरकडून घरी हरलो, आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला बावीस वर्षांनंतर हरवलं. मधल्या काळात स्टिमाच गेले, मार्केझ आले आणि गेले, खालिद जमील आले. जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेत आपण ओमानला हरवून तिसरे आलो, तेव्हा वाटलं गाडी रुळावर आली. पण प्रशिक्षक बदलून संघ बदलत नाही, कारण ज्या जमिनीत संघ उगवतो तिची अवस्था वाईट आहे. देशाची मुख्य लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे २०१० पासून कागदावर लिहिलेलं होतं. तरी नव्याची तजवीज वेळेत झाली नाही. जुलैत स्पर्धा अडकली, आणि निविदा काढल्या तेव्हा एकही बोली आली नाही. सप्टेंबर सरला, ऑक्टोबर उजाडला, तरी लीगचा पत्ता नव्हता आणि खेळाडू सरावाविना होते. अशा संघाने सिंगापूरशी नव्वद मिनिटं त्याच दमाने धावावं, ही अपेक्षा कुणाच्या जिवावर करायची?

'अर्जेंटिना बघा' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे. बघा की, मीही बघतो. २०२२ च्या डिसेंबरात लुसैलला मेस्सीने चषक उचलला तेव्हा मी याच शहरात होतो. पण तो आनंद पाहुणचाराचा होता. अर्जेंटिना हरली तर मला वाईट वाटेल, लाज वाटणार नाही. भारत हरला की लाज वाटते, कारण त्यात माझा वाटा आहे. जिथे लाज वाटते तिथेच हिशोब मागायचा हक्क असतो. संघ बदलून लाज टाळता येते, पण मग तो हक्कही सोडून द्यावा लागतो. मला तो सोडायचा नाही.

दुसरं म्हणणं अधिक अवघड आहे, कारण त्यात प्रेम आहे. 'टीका नको, पाठीशी राहा.' इथे मला माझ्या जिल्ह्याचं उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस कधी येतच नाही, कधी आला तर सगळं घेऊन जातो. २०१५-१६ चा दुष्काळ आम्ही पाहिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात नदीकाठची रानं खरडून गेलेली पाहिली. आमच्या अण्णांनी आयुष्यात किती वेळा दुबार पेरणी केली याची मोजदाद नाही. रान पडीक ठेवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. बाहेरून बघणाऱ्याला ही मुकाट सोसणारी निष्ठा वाटते. ती मुकाट नाही. बियाणं उगवलं नाही की अण्णा पिशवी आणि पावती घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जातात. पीक गेलं की तलाठ्याला बांधावर आणून पंचनामा करवून घेतात. २०२० च्या खरिपाचा पीकविमा मिळेना म्हणून आमच्या जिल्ह्यातले शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि मे २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या दोन वर्षांत त्यांनी पेरणी थांबवली नव्हती. खटलाही चालू आणि तिफणही चालू. जमिनीवर ज्याची माया आहे तोच तिच्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. ज्याला माया नाही तो जमीन विकून मोकळा होतो.

संघाच्या पाठीशी राहणं मी असं समजतो. स्टेडियममध्ये जायचं, कंठ सुकेपर्यंत ओरडायचं, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं की हे असं का झालं. सुनील छेत्रीने जून २०१८ मध्ये हेच मागितलं होतं. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, पण बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. त्याने हात जोडून सांगितलं की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढच्या केनियाच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. कर्णधार स्वतः टीका मागत होता, आणि आपण त्याच्या नावाने ती गप्प करायला निघालो आहोत.

'भारतीयांना हा खेळ जमतच नाही' असंही मंडळात ऐकू येतं. हे सरळ खोटं आहे. १९५१ च्या आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आपलं होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझांचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. सैयद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक होता तेव्हा हे घडलं. १९६३ मध्ये ते गेले, आणि त्यांच्यामागे जी घडण चालू राहायला हवी होती ती राहिली नाही.

आणि आमच्या धाराशिवकडेच बघा. मी फुटबॉलवाला, पण माझा जिल्हा खो-खोचा. शाळेत पोलाला हात लावून वळायला शिकला नाही असा मुलगा आमच्या पिढीत सापडणार नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती सारिका काळे, आमच्या जिल्ह्याची. संघाने सुवर्णपदक आणलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती इतकी बेताची की खेळ सोडायचा विचार तिच्या मनात आला होता. तेव्हा प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिला समजावून परत मैदानावर आणलं, हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिची बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

मला यात फुटबॉलचं उत्तर दिसतं. खो-खोला जागा कमी लागते, खर्च कमी लागतो, जगात स्पर्धक कमी आहेत, हे मान्य. पण मागासलेला म्हणून हिणवला जाणारा आमचा जिल्हा पिढ्यामागून पिढ्या राष्ट्रीय खेळाडू देतो, कारण तिथे रोज भरणारं मैदान आहे. दहा-बारा वर्षांच्या मुली संध्याकाळी येतात, थोरल्या मुली त्यांना शिकवतात, आणि एखादी चार दिवस आली नाही तर कुणीतरी तिच्या घरी जाऊन विचारतं. फुटबॉलमध्ये ही साखळी देशात मोजक्या ठिकाणी आहे. मणिपूर, मिझोराम, गोवा, केरळ, बंगाल, आणि आपल्याकडे कोल्हापूर, जिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. बाकी एवढ्या मोठ्या देशात पोरगं चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत नीट सराव करत नाही, आणि मग आपण त्याने जपानशी बरोबरी करावी म्हणतो.

१३ ऑक्टोबर २०२५ ला, फातोर्ड्याच्या आदल्याच दिवशी, केप व्हर्दे विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्या देशाची लोकसंख्या पाच-सव्वापाच लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या आमच्या जिल्ह्याची साडेसोळा लाखांवर. ढाक्यात आपण हरलो त्या १८ नोव्हेंबरलाच कुरासाओ पात्र ठरलं. तिथली वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे धाराशिव शहराहून थोडी जास्त. या दोन्ही संघांत परदेशात वाढलेली मुलं पुष्कळ आहेत, हे खरं. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून आपल्याला तो रस्ता अरुंद आहे. आई मुंबईची असलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला, त्याचं मोल मी जाणतो. पण परदेशातून चार खेळाडू आणून मैदानांची उणीव भरून निघणार नाही, आणि आपल्यासारख्या परदेशस्थांनी तरी या भ्रमात राहू नये.

आणखी एक खंत आहे. पुरुषांचा संघ कोसळत असताना ५ जुलै २०२५ ला आपल्या महिलांनी चियांग माईत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आपल्या गटावर त्या रात्री एकही निरोप नव्हता, माझाही नाही. निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून झालेली ही चूक आहे, आणि तिचं मला फार वाईट वाटतं.

कार्यकारिणीकडे मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. मंडळाच्या क्रीडा निधीतला काही भाग दरवर्षी मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानासाठी आणि तिथे रोज संध्याकाळी शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी जावा. खेळ खो-खो असो वा फुटबॉल, ते तिथल्या शाळेने ठरवावं. आणि मंडळातर्फे फुटबॉल महासंघाला एक पत्र जावं. त्यात तीन प्रश्न आहेत. लीगच्या कराराची तजवीज वर्षभर आधी का झाली नाही? तेरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा किती जिल्ह्यांत नियमित होतात? आणि महिला संघाच्या सरावासाठी काय योजना आहे? पत्र आदराने लिहिलं आहे. सुरुवातीला जानेवारी २०२४ च्या तीन सामन्यांचा उल्लेख आहे आणि आपल्यापैकी किती जण तिथे हजर होते, ते आहे.

ढाक्याच्या सामन्यानंतर अण्णांचा फोन आला होता. खरडलेल्या रानात गाळ टाकून ज्वारी पेरली, म्हणाले, आणि पंचनाम्यात क्षेत्र कमी लागलंय म्हणून दुसऱ्या दिवशी तहसीलला निघाले होते. मग विचारलं, "तुमचं काय झालं?" म्हटलं, हरलो. "बरं. पुढचा कधी?" म्हटलं, ३१ मार्च २०२६ ला, हाँगकाँगशी, आपल्या घरी. निकालाने काही बदलणार नव्हतं, तरी मी त्या दिवसाची रजा टाकली होती. पत्राचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सह्यांसाठी शुक्रवारी दुपारी चारनंतर मी तिथे असेन.