बेसूर तबकडीचे मोल

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हौसेला मोल असते, आणि तेही भलतेच चढे! अमेरिकेतील एका तबकडीची गोष्ट याहूनही नवलाची. तिच्यावरची गाणी ऐकून भल्याभल्यांनी कानांवर हात ठेवले; आणि तिचीच मूळ प्रत मिळावी म्हणून संग्राहकांनी खिसे रिकामे केले.

न्यू हॅम्पशायर राज्यातील फ्रीमॉन्ट या लहानशा गावात ऑस्टिन विगिन नावाचा गिरणी कामगार राहत असे. त्याची आई हात पाहून भविष्य सांगे. तिने सांगितले होते, की त्याला तांबूस-सोनेरी केसांची बायको मिळेल, आपल्या पश्चात त्याला दोन मुलगे होतील आणि त्याच्या मुली वाद्यवृंद काढून नाव मिळवतील. पहिली दोन भाकिते खरी ठरली. तिसरे खरे करण्याचा विडा ऑस्टिनने स्वतःच उचलला. डॉट, बेटी आणि हेलन या मुलींची शाळा सोडवली, गिटार व ड्रम आणून दिले, शिकवण्या लावल्या आणि रोजची तालीम सुरू केली. मुलींना हे हवे आहे का, हे कोणी विचारले नाही. बापाचा शब्द मोडण्याची सोय त्या घरात नव्हती. १९६८ साली ‘द शॅग्ज’ उभे राहिले.

मार्च १९६९ मध्ये बापाने पदरमोड करून त्यांची तबकडी ध्वनिमुद्रित करवली. नाव ठेवले, ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’. गाणी डॉटने रचलेली. विषय साधे : आईवडील, देव, हॅलोविनचा सण, हरवलेले मांजर. पण गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे आणि गळा तिसरीकडेच! हजार प्रती काढल्या. त्यांतल्या नऊशे परस्पर नाहीशा झाल्या, असे सांगतात. गावातल्या शनिवारच्या नाचात पोरे हसत. १९७५ साली ऑस्टिन वारला आणि मुलींनी वाद्ये खाली ठेवली.

गोष्ट इथेच संपायची. पण उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी काही संगीतकारांच्या हाती लागल्या. ‘एनआरबीक्यू’ या वाद्यवृंदाच्या पुढाकाराने १९८० मध्ये तबकडी पुन्हा निघाली. पुढे ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने तिला आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या यादीत जागा दिली. मूळ प्रत दुर्मिळ, त्यामुळे तिचा भाव वाढतच गेला. नव्या आवृत्त्यांत गाणी तीच असली, तरी संग्राहकाला हवी असते ती पहिलीच.

रसिकांना यात काय सापडले? कोणाची नक्कल नाही, की कसला आव नाही. शिवाय तो गोंधळही वाटतो तितका आपोआप झालेला नव्हता. २०१७ साली मॅसॅच्युसेट्समधील एका महोत्सवात डॉट आणि बेटी पुन्हा गायल्या. हेलन २००६ मध्येच गेली होती. त्या दिवशी साथीला बसलेल्या कसलेल्या वादकांना तबकडी ऐकून तो आडवातिडवा ताल शिकून घ्यावा लागला!

आजीचे भाकीत अखेर खरे ठरले, असेच म्हणायचे. मात्र नाव झाले, ते मुलींनी वाद्ये ठेवून दिल्यावर. संग्राहक जिला जिवापाड जपतात, त्या तबकडीत तीन मुलींचे शाळेचे दिवसही खर्ची पडले आहेत. लिलावातल्या किमतीत ते कोणी धरत नाही.